बॅग अर्धीच भरा, काकू

पत्र : नमस्कार. आमचा मुलगा कोरियात डेजॉनला पोस्टडॉक करतोय आणि नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघं त्याच्याकडे चाललोय. पहिलाच परदेश. मी पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, शिवाय गुरुवार आणि एकादशी करते. हे चिकन-मासे खातात पण बीफ-पोर्क अजिबात चालत नाही. मुलगा म्हणतो काही आणू नका, सगळं मिळतं, पण त्याच्या ‘सगळं’वर माझा विश्वास नाही, म्हणून मी एक अख्खी बॅग फक्त खाण्याची भरलीय. त्यात त्याच्या घरमालकीणबाईंनी आम्हाला त्यांच्याकडे किमची (त्यांचं कोबीचं तिखट लोणचं) घालायच्या दिवशी जेवायला बोलावलंय. त्या लोकांच्यात एकाच भांड्यात सगळे आपापले चमचे घालतात असं सिरीयलमध्ये बघितलंय, आणि मला उष्टं चालत नाही. त्यांना न दुखवता काय सांगू? आणि खरं सांगते, तिथलं रस्त्यावरचं ते तांदळाच्या कांड्यांचं लालभडक तोकबोक्की आणि वाफाळते स्टॉल बघून तोंडाला पाणीही सुटतं. मी त्यातलं काही खाऊ शकेन का, की बघतच बसायचं? – एक आई, सांगली

काकू, आधी बॅगेचं बोलू, कारण तुमचा अर्धा जीव तिच्यातच अडकलाय.

मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी, लसणाची चटणी, लोणच्याची एक घट्ट झाकणाची बरणी, भाजलेले पोहे, आणि उपासाचं म्हणून थोडी वरई आणि साबुदाणा, एवढं घ्या, बास. पेढे-बर्फी नको, तुपाचा डबा नको, कढीपत्ता-लिंबं-हिरव्या मिरच्या तर अजिबातच नको. मांस, दुधाचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या, बिया यांच्याबाबत कोरियाचं क्वारंटाइन कडक असतं आणि तिथल्या एअरपोर्टवर कुत्री बॅगा हुंगत फिरतात, गंमत नाही करत. वरई-साबुदाणा किंवा कुठलंही कच्चं धान्य असेल तर फॉर्मवर सरळ डिक्लेअर करा, घेतलं तर घेतलं, पण लपवलेलं सापडलं तर दंड. तांदूळ, कणीक, डाळी, बटाटे, कोबी, पालक, टोफू, केळी हे सगळं तिकडे मिळतं, मुलगा एवढं खरं बोलतोय. मूग तर त्यांच्या रोजच्या खाण्यातलेच.

आता मुद्द्याचं. तिकडे गेल्यावर “मी व्हेज आहे” हे वाक्य विसरून जा. खोटं म्हणून नाही, तर समोरच्याला त्यातून काही कळत नाही म्हणून. ‘गोगी’ म्हणजे मांस नको म्हटलं की ते मांसाचे तुकडे काढतात, आणि त्यांच्या डोक्यात हॅम म्हणजे काही फार मांस नाही, मासा तर नाहीच नाही. मांस नको सांगूनही किम्बापमध्ये, म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकटीत, हॅमची पट्टी आली आणि लोक हबकले असे किस्से पुष्कळ ऐकायला मिळतात. आणि दिसणारं मांस तर सोपं असतं हो, उचलून बाजूला ठेवलं, खरी अडचण न दिसणाऱ्याची आहे. किमचीत ‘सेउजॉत’ म्हणजे खारवलेली बारीक कोळंबी आणि ‘एकजॉत’ म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी असतं, आणि सूप, रस्सा, नूडल्स जे काही पातळ दिसेल त्याचं मूळ पाणी बहुतेक वेळा ‘म्योल्ची युक्सु’, म्हणजे सुक्या बारीक मासळीला उकळून काढलेलं पाणी. वर तरंगतोय टोफू आणि भोपळा, आपण म्हणतो वा काय छान व्हेज सूप, आणि खाली हे.

म्हणून पदार्थाचं नाव नाही, जिन्नसांची नावं सांगायची. मुलाला बसवून त्याच्याकडून कोरियनमध्ये एक यादी तुमच्या फोनवर लिहून घ्या, मोठ्या अक्षरात: मी हे खात नाही, मग बीफ, पोर्क, चिकन, हॅम, मासे, शिंपले-कोळंबी, सेउजॉत, एकजॉत, म्योल्ची युक्सु, अंडं. आणि त्याच्या खाली, हे फार महत्त्वाचं, मी हे आवडीने खाते: भात, टोफू, मश्रूम, सगळ्या भाज्या, समुद्री शेवाळ, तीळ, मध. नुसती नकारांची यादी बघून हॉटेलवाली बाई घाबरते आणि “ओप्सोयो”, म्हणजे नाही बाबा आमच्याकडे, म्हणून मोकळी होते. खालची यादी वाचली की तिला काहीतरी सुचतं. तोंडी बोलायला एकच शिका, “पे जुसेयो”, म्हणजे वगळून द्या. गोगी पे जुसेयो, केरान पे जुसेयो (केरान म्हणजे अंडं), झालं.

काकांचं सोपं आहे असं वाटतं पण त्यांनाही एक यादी द्याच. मंदूत, म्हणजे त्यांच्या वाफवलेल्या मोदकासारख्या दिसणाऱ्या त्या पदार्थात, बहुतेक पोर्क असतं, काळ्या सॉसच्या जाजांगम्योन नूडल्समध्ये पोर्क असतं, तोकबोक्कीच्या शेजारी वाफेत जी काळपट गुंडाळी पडलेली असते ती सुन्दे म्हणजे डुकराच्या आतड्यात रक्त आणि नूडल्स भरलेलं. बीफ तर आणखी चोरपावलांनी येतं. बिबिम्बापवर, म्हणजे भाज्या घालून कालवायच्या भातावर, बारीक चुरा म्हणून, मियोकगुक या शेवाळाच्या सूपमध्ये, आणि बीफच्या चवीची पावडर म्हणून तर कितीतरी घरगुती भाज्यांत. काकांनी “सोगोगी” आणि “ट्वेजीगोगी” हे दोन शब्द पाठ करावेत, पहिलं बीफ, दुसरं पोर्क. मग बाकी त्यांची चंगळ आहे. ताकगाल्बी घ्या म्हणावं, मोठ्या तव्यावर समोर परततात, चिकन, कोबी, रताळं आणि तिखट मसाला. थंडीत सामग्येतांग, अख्खी छोटी कोंबडी, पोटात चिकट तांदूळ, जिनसेंग आणि खजुरासारखं एक फळ भरून शिजवलेली. कोरियन लोक ते खरं तर ऐन उन्हाळ्यात खातात, घाम काढायला, पण हॉटेलात बारा महिने मिळतं. आणि मासे! भाजलेला बांगड्याचा भाऊबंद असतो ‘कोदुंगो’, आणि ‘काल्ची’ म्हणजे आपल्या वाकटीच्या जातीचा चंदेरी लांब मासा, मुळा घालून तिखट रस्सा करतात, काकांना तो नक्की खिलवा. मी स्वतः कोकणातली, मला तो रस्सा आमच्या आईच्या कालवणापेक्षा बरा वाटला होता, हे आईला सांगू नका.

आता किमजांगचं आमंत्रण. काकू, ही तुमच्या ट्रिपमधली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, पॅलेस-बिलेस नंतर. हिवाळा लागायच्या तोंडावर घरातल्या बायका, शेजारणी, सुना, हल्ली मुलगे-जावईसुद्धा, एकत्र बसून वर्षाची किमची घालतात त्याला किमजांग म्हणतात, 2013 साली युनेस्कोच्या यादीतही गेलंय ते. पाहुण्याला त्या दिवशी घरात बोलावणं म्हणजे घरचं समजणं. तेव्हा नाही म्हणायचा विचार मनातून काढाच.

काय होतं ते सांगते म्हणजे तिथे गेल्यावर गोंधळणार नाही. कोबी, तो लांबट वाला, उभा कापून आदल्या रात्रीच मिठात घालून ठेवलेला असतो, किंवा हल्ली सरळ खारवलेला कोबी खोक्यांतून मागवतात. सकाळी तो धुऊन निथळत ठेवलेला. जमिनीवर मोठं प्लास्टिक अंथरलेलं, मधोमध एवढी मोठी परात की त्यात लहान मूल बसेल, आणि तिच्यात मसाला: मुळ्याचे लांब बारीक काप, कांद्याची पात, लसूण, आलं, लाल मिरचीची भरड म्हणजे गोचुगारू, तांदळाच्या पिठाची पातळ पेज, आणि मग ते सेउजॉत-एकजॉत. लाल रबरी हातमोजे घालून सगळ्या गोल बसतात आणि कोबीचं एकेक पान उचलून, आतल्या बाजूला, देठाकडे जरा जास्त, मसाला चोळत जातात. शेवटी बाहेरचं मोठं पान सगळ्याभोवती गुंडाळून गाठोडं करायचं आणि डब्यात दाबून बसवायचं, हवा राहता कामा नये. डबा मग किमचीच्या वेगळ्या फ्रीजमध्ये. हो, वेगळा फ्रीज असतो त्यासाठी, घरोघरी.

तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत मोजे मिळतील आणि काम मिळेल. पापड-कुरडयांच्या वाळवणाला बसलेल्या बाईला शिकवायला लागत नाही, हात आपोआप चालतो. अडचणीचा क्षण नंतर येतो. त्या बाई कोबीचं आतलं पिवळं कोवळं पान तोडतील, त्यात मसाला ठेवून गुंडाळतील आणि “आ” म्हणत सरळ तुमच्या तोंडाजवळ आणतील. असंच करतात, लाडाने. त्या क्षणी तोंड फिरवलं की झालं, सगळं घर ओशाळतं. म्हणून बोलणं आधी व्हायला हवं. निदान आठवडाभर आधी मुलाने त्यांना मेसेज करायचा की आई मासळी-कोळंबीचं काही खात नाही, मांस नाही, अंडं नाही, लहानपणापासून, घरची पद्धत म्हणून, तर मसाल्यात जॉत घालायच्या आधी आईसाठी वाटीभर बाजूला काढाल का, त्यात मीठ किंवा सोया सॉस घालून चालेल. ही काही विचित्र मागणी नाही. तिकडच्या बौद्ध मठांत किमची अशीच मासळीशिवाय करतात, आणि त्या वयाच्या कोरियन बाईला “मंदिरातल्यासारखी” एवढं म्हटलं की लगेच उमगतं. मग तेच पिवळं पान, तुमच्या वाटीतल्या मसाल्याचं, तुम्हाला भरवलं जाईल.

त्याच मेसेजमध्ये बाबा पोर्क खात नाहीत हेही घालायचं, कारण किमजांगच्या जेवणात मुख्य पदार्थच उकडलेलं पोर्क असतो, सुयुक, ताज्या किमचीत गुंडाळून खातात. आधी कळलं तर त्या बाई बाबांसाठी मासा भाजतील. आयत्या वेळी कळलं तर त्या ओशाळतील, तुम्हीही ओशाळाल आणि मुलगा भाषांतर करता करता घामाघूम होईल.

बाकी टेबलावरचं थोडं. सगळ्यांत वयस्कर माणसाने चमचा उचलल्यावर इतरांनी सुरुवात करायची, तिथे बहुतेक तुम्ही दोघंच वयस्कर असाल आणि सगळे तुमच्याकडे बघत थांबलेले असतील, तेव्हा गप्पा नंतर, आधी चमचा उचला. भात चमच्याने, भाज्या चॉपस्टिकने, नाही जमलं तर भाज्याही चमच्याने, कुणी काही म्हणत नाही. वाटी हातात उचलून तोंडाला लावायची नाही. चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, ते पितरांच्या वेळी करतात. तिखटाने नाक वाहायला लागलं तर टेबलावर शिंकरू नका, उठून जा. काही देताघेताना दोन्ही हात. सोजूचा, म्हणजे त्यांच्या दारूचा, ग्लास पुढे आला तर दोन्ही हातांनी घ्या आणि पीत नाही म्हणा, त्याऐवजी ‘शिके’ मागा, तांदूळ आणि मोडाच्या जवाचं गार गोड पेय असतं, मला तर त्याचं व्यसनच लागलं होतं. आग्रह मात्र होणार, ताट रिकामं दिसलं की लगेच वाढणार. पोट भरत आलं की भात थोडा राहू द्या आणि सावकाश खात बसा, आपल्याकडच्या पंगतीत करतो तेच.

आणि उष्ट्याचं. सिरीयलमध्ये बघितलंत ते खरं आहे, चिगेचं, म्हणजे दाट रश्शाचं, उकळतं भांडं मध्ये आणि सगळ्यांचे चमचे त्यात, पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं, त्यात त्यांना आपलेपणा वाटतो. पण कोविडनंतर बरंच बदललंय, वाढायचा डाव आणि प्रत्येकाला छोटी वाटी हे आता घरीही दिसतं आणि हॉटेलात तर मागितलं की मिळतंच. शब्द आहे “आपजॉप्सी”, म्हणजे स्वतःपुरती ताटली. बसल्या बसल्या, जेवण यायच्या आधी हसत मागा, आणि सुरुवातीलाच कोरड्या चमच्याने स्वतःपुरतं सगळं काढून घ्या. तसंही त्या चिगेत मासळीचं पाणी असणार, म्हणजे तुमचा त्या भांड्याशी संबंध येणारच नाही. राहिले बानचान, म्हणजे मधे मांडलेल्या छोट्या भाज्या-चटण्या, त्यातही सगळ्यांच्या चॉपस्टिक जातात, म्हणून तिथेही आधी काढून घेणं. मुलाने हे घरमालकीणबाईंना वेगळं समजावत बसायची गरज नाही, काही गोष्टी न बोलता होतात त्या तशाच होऊ द्याव्यात.

भेट म्हणून काजू न्या, चांगला मोठा, भाजलेला, सीलबंद. आणि चहा. भेट दोन्ही हातांनी द्या, त्यांनी तुमच्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

चला, आता रस्त्यावर.

वाईट बातमी आधी देते म्हणजे सुटलो. तोकबोक्की, ते लालभडक, स्टॉलवरचं, तुमच्यासाठी नाही. तांदळाच्या त्या कांड्यांमध्ये काही नसतं, पण रस्सा मासळीच्या पाण्याचा आणि त्यातच ओमुक म्हणजे माशाच्या पिठाच्या चकत्या शिजलेल्या असतात. शेजारी काड्यांना लावून उभा केलेला तोच ओमुक, आणि त्याचं गरम पाणी कागदी कपातून देतात, थंडीत लोक ते भुरकत उभे असतात, तेही नाही. काका खुशाल पिऊ देत. पण तोकबोक्की खायचंच असेल तर मुलाच्या घरी करा, अगदी सोपं आहे: सुपरमार्केटमधून तांदळाच्या कांड्यांचं पाकीट आणा (मसाल्याच्या पुडीसकट येणारं तयार पाकीट नको, पुडीत मासळी नाहीतर बीफ असतंच), पाण्यात ‘दाशिमा’ हे सुकं समुद्री शेवाळ आणि दोन सुके शिताके मश्रूम भिजवून उकळा, दाशिमा लवकर काढा नाहीतर पाणी बुळबुळीत होतं, मग त्यात गोचुजांग (मिरचीची आंबवलेली लाल चटणी), थोडी गोचुगारू, सोया सॉस, साखर, लसूण, कोबी, कांदा आणि कांड्या. रस्सा दाट होऊन कांड्यांना चिकटला की झालं. गोचुजांगच्या डब्यावरचे जिन्नस मुलाला वाचायला लावा, बहुतेक ठीक असतात. गोचुजांग गोडसर असतं त्यामुळे तुम्हाला तिखट कमी वाटेल, तुम्ही सांगलीच्या, तेव्हा आपली लाल तिखटाची डबी काढायला हरकत नाही.

तसंच इन्स्टंट नूडल्सचं. इथे हिरवा ठिपका बघून आपण जी कोरियन पाकिटं आणतो ती इथल्यासाठी वेगळी बनवलेली असतात, तिकडे तेच चित्र, तोच रंग आणि आत बीफचा अर्क. तिकडे ‘छेह्वांग’ नावाचं ओत्तोगी कंपनीचं पाकीट शोधा, ते पूर्ण शाकाहारी आहे.

आता चांगली बातमी. तुम्ही जाताय त्या दिवसांत होत्तोकचे स्टॉल लागलेले असतात. पीठ हातात सैलसर घेऊन बाई त्यात चमचाभर ब्राऊन शुगर, दालचिनी आणि दाण्याचा कूट भरते, तोंड चिमटीत बंद करते, तेलाच्या तव्यावर टाकते आणि उलटल्यावर लांब दांड्याच्या गोल स्टीलच्या ठोकळ्याने दाबून चपटं करते. आतली साखर वितळून पाक झालेला असतो. कागदी कपात दुमडून देते आणि इथेच सगळे फसतात, पहिला घास मोठा घेतात आणि पाकाने टाळू भाजून घेतात. कडेला छोटासा घास घ्या, वाफ जाऊ द्या, मग पुढे. पीठात काय काय आहे ते यादी दाखवून विचारा, साध्या होत्तोकमध्ये बहुतेक अंडं नसतं. बुसानला गेलात तर तिथे त्याचं पोट कापून आत सूर्यफूल-भोपळ्याच्या बिया भरून देतात, भारी लागतं.

माशाच्या आकाराचं बुंगोप्पांग दिसेल, त्यात मासा नाही, गोड लाल चवळीसारख्या दाण्यांचं पुरण आहे, पण वरच्या पिठात बऱ्याच ठिकाणी अंडं आणि दूध असतं, तेव्हा विचारल्याशिवाय नको. या छोट्या गाड्यांवर कार्ड चालेलच असं नाही, पुठ्ठ्यावर बँकेचा अकाउंट नंबर लिहून टांगलेला असतो, लोक तिथल्या तिथे ट्रान्सफर करतात, आपल्याला ते जमत नाही, म्हणून खिशात 1,000 आणि 5,000 वॉनच्या नोटा ठेवा. 1,000 वॉन म्हणजे साधारण 60 रुपये धरून चाला.

सोलला जाणार असालच, डेजॉनहून केटीएक्स या वेगवान ट्रेनने तासाभराचा प्रवास आहे. तिथल्या ग्वांगजांग मार्केटमध्ये बिंदेत्तोक बघा, मुगाची डाळ भिजवून जात्यावर वाटतात आणि भरपूर तेलात तळतात, म्हणजे आपलं मुगाचं धिरडंच पण बोटभर जाड आणि कुरकुरीत. बघा म्हटलंय, खा नाही, कारण पीठात किमची किंवा पोर्क असू शकतं, विचारून मगच. म्योंगदोंगच्या रस्त्यावरचे झगमगते स्टॉल मात्र फोटो काढून सोडून द्या, सगळं टुरिस्टांच्या भावात. किंमत लिहिलेली नसेल तिथे आधी विचारायचं, हा नियम कुठल्याही मार्केटात.

तुमच्या उपासाची मात्र मला काळजीच वाटत नाही, उलट हेवा वाटतोय. हिवाळ्यात तिकडे भाजलेली रताळी मिळतात, गुनगोगुमा, अगदी कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानांतसुद्धा गरम पेटीत ठेवलेली असतात, आतून पिवळीधमक आणि मधासारखी ओली. भाजलेले चेस्टनट कागदी पिशवीत. शेंगदाणे. नाशपाती एकेक अर्ध्या किलोची. आणि सुकवलेली पर्सिमन, कोत्काम म्हणतात, वरून पांढरी साखर फुललेली पण ती तिची स्वतःचीच. चेस्टनट उपासाला चालतात का ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्या आजीला विचारलं असतं तर “फळ आहे ना? मग चालतं” म्हणाली असती. हायवेला गाडी थांबली की छोटे बटाटे लोण्यात परतून मीठ घालून देतात, तेही तुमचेच.

रोजच्या जेवणाला काय, तर सकाळ-संध्याकाळ मुलाच्या किचनमध्ये आणि दुपारचं बाहेर, असं ठेवा. बाहेर जाताना चकाचक हॉटेल नको, ‘बेकबान’ लिहिलेलं छोटं ठिकाण शोधा. ते म्हणजे घरगुती थाळी, भात, सूप आणि सहा-आठ बानचान, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, तिळाच्या तेलातला पालक, रानातली नेच्याची कोवळी देठं, सोया सॉसमध्ये घोळलेलं कमळकाकडी, भाजलेलं किम, म्हणजे समुद्री शेवाळाचे पातळ कागद. काकांना पूर्ण थाळी, तुम्हाला त्यातलं यादी दाखवून विचारलेलं, आणि भातावर टाकायला पर्समध्ये मेतकुटाची डबी. बानचान संपलं तर परत फुकट देतात, पण टाकलेलं त्यांना आवडत नाही. दोघं-तिघं जाताय म्हणून बरं, एकट्या माणसाला बऱ्याच ठिकाणी दोघांची ऑर्डर घ्यावी लागते. गुडघ्यांचा त्रास असेल तर खुर्ची-टेबल आहे का ते दारातच बघा, काही जुन्या ठिकाणी जमिनीवर बसतात.

डेजॉनला तरुण मंडळी बोअरिंग शहर म्हणून चिडवतात, ऐकू नका. जवळच ग्येर्योंगसान डोंगर आहे, पायथ्याशी दोंगहाक्सा हा भिक्षुणींचा मठ, आणि मठाच्या वाटेवर हॉटेलांची रांग. तिथे ‘सानचे बिबिम्बाप’ घ्या, रानभाज्यांचा. अंडं आणि गोगी पे जुसेयो. आणि दोतोरीमुक, ओकच्या झाडाच्या फळांचं पीठ शिजवून थापलेल्या तपकिरी थलथलीत वड्या, वर तीळ, सोया सॉस, काकडी. पहिल्या घासाला काहीच चव लागत नाही, तिसऱ्या-चौथ्याला एक तुरट गोडी कळायला लागते. डेजॉनच्या बाजूचा हा जुना पदार्थ आहे. काकांना आणि मुलाला सोंगसिमदांग बेकरीत पाठवा, 1956 साली स्टेशनसमोर सुरू झालेली, डेजॉनबाहेर शाखा काढत नाहीत म्हणून लोक ट्रेनने येऊन रांगा लावतात. त्यांचा तळलेला सोबोरो पाव फेमस, त्यात अंडं असणार, तुम्ही रांगेत उभं राहायचं काम करू शकता.

सोलमध्ये जोग्येसा मठासमोर ‘बालवू गोंगयांग’ म्हणून मठाच्या जेवणाचं रेस्टॉरंट आहे, बौद्ध संघाचंच. मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही, आधी बुकिंग करावं लागतं आणि स्वस्त नाही, पण पदार्थामागून पदार्थ येतात आणि एकदाही यादी काढावी लागत नाही, त्यासाठी पैसे द्यायला माझी तयारी असते. गंमत म्हणजे त्यांच्यात निषिद्ध पाच तीव्र वासाच्या जिनसांत आपला हिंगही आहे. तेव्हा हिंगाची डबी मठात दाखवू नका! कंदमुळं मात्र भरपूर असतात, हे वाचणाऱ्या जैन मंडळींसाठी.

पहिल्या रात्री, विमानातून उतरून दमलेले असाल तेव्हा, मुलाला ‘जुक’च्या दुकानातून होबाकजुक आणायला सांगा, लाल भोपळ्याची गोडसर पेज असते, पोटाला हलकी.

आणि परतताना घरमालकीणबाई किमचीचा डबा देणारच, नको म्हणता येणार नाही. तो केबिन बॅगेत घेऊ नका, पाणी असलेला पदार्थ म्हणून सिक्युरिटीला काढून घेतात. चेक-इनमध्ये टाकायचा तर तो आंबून फुगतो, म्हणून डबा काठोकाठ भरलेला नको, दोन-तीन पिशव्यांत गुंडाळा आणि कपड्यांपासून लांब ठेवा. नाहीतर सरळ मुलाच्या फ्रीजमध्ये ठेवून या, तो खाईल. तुम्ही गोचुगारूचं सीलबंद पाकीट आणि किम घेऊन या, दोन्ही हलकं आणि सांगलीपर्यंत टिकतं.